पपईला मुसळ

ठाण्याच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीच्या मुलांना फळबाग शिकवायचे. वर्षाची सुरुवात ठरलेली: फळझाडांचं वर्गीकरण. मुलांना तो धडा भयंकर कंटाळवाणा वाटायचा. उष्ण हवामानातली झाडं, थंड हवामानातली, मधली. सदाहरित, पानगळीची. वृक्ष, झुडूप, वेल. बरीचशी मुलं शीळफाट्याकडच्या गावांतून यायची, घरी आंबे-चिकू असायचे, त्यामुळे झाड ते झाड, त्यात एवढं काय, असा त्यांचा चेहरा. मी फळ्यावर खडू आपटून सांगायचे, "अरे, झाड फळत नाही म्हणून बोंब मारण्याआधी ते कोणत्या गटातलं आहे ते बघा. सफरचंदाला कडाक्याची थंडी लागते. ते डोंबिवलीत लावलंत आणि फळलं नाही, तर चूक झाडाची की तुमची? आंबा एक वर्ष लगडतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. तो त्याचा स्वभाव आहे रे, रोग नाही!"

वर्गात हे सगळं मोठ्या तोऱ्यात बोलायचे. घरी मात्र तोंडाला कुलूप.

घरी म्हणजे डोंबिवलीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सासूबाई, नवरा आणि मी. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, नको नको त्या. काहीही दोष निघाला नाही. "आता मिस्टरांना घेऊन या, त्यांची साधी तपासणी आहे," असं त्या प्रत्येक खेपेला सांगायच्या आणि मी घरी येऊन तेच सांगायचे. नवरा म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?" बँकेतला माणूस, शिकलेला, रोज इंग्रजी पेपर वाचणारा! आरडाओरडा कधी केला नाही त्याने. विषय काढला की उठून गॅलरीत जायचा, बस्स. आईला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू देत नव्हता. "तिला उगाच कशाला त्रास," म्हणे. त्यामुळे सासूबाईंच्या लेखी दोष माझाच. एकदा मेथी निवडता निवडता त्या शांतपणे म्हणाल्या, "ही दिवाळी होऊ दे. अजून एक वर्ष बघू. नाहीतर तू त्याला सोडचिठ्ठी दे बाई. त्याचं सगळं आयुष्य आहे पुढे." माझं आयुष्य जणू मागे गेलं होतं.

स्वयंपाकघराच्या मागे जी चिंचोळी जागा होती, तिथे एक पपई आपोआप उगवली होती. दोन वर्षांत ती खिडकीच्या वर गेली. फुलं भरपूर, लांब लांब देठांवर लोंबणारी, पण फळ एक नाही. सासूबाई तिला रोज पाणी घालायच्या आणि रोज शिव्या द्यायच्या. "मेली नुसती फुलते. वांझोटी!" हे त्या झाडाकडे बघून म्हणायच्या आणि मी आत मोरीत भांडी विसळत असायचे. आता हे झाडाला होतं की मला, ते कळायला काही डिग्री लागत नाही. रडूही यायचं आणि संतापही.

पहिला फुलोरा आला तेव्हाच मला ते झाड का फळणार नाही ते समजलं होतं. पण बोलले नाही. बोलायला गेलं की गाडी फिरून नवऱ्यापाशी येणार आणि तो गॅलरीत जाणार, हे पाठ झालं होतं.

त्या दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण होतं. टीव्हीवर ते दाखवत होते, नवरा खुर्ची ओढून समोर बसला होता. सासूबाईंनी पाण्यावर, दुधावर तुळशीची पानं ठेवली आणि मला माळ्यावरून मुसळ काढायला लावलं. त्यांच्या माहेरी कोकणात पद्धत होती: न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाने मारायचं आणि विचारायचं, फळ देतेस की तोडू? झाडाच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी उत्तर द्यायचं. "चल," त्या म्हणाल्या, "तू झाडाच्या मागे उभी राहा आणि बोल." नाही म्हणावं तर सणाच्या दिवशी घरात तमाशा. गेले. शेजारच्या दोघी गंमत बघायला आपापल्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मुसळ खोडावर बसलं. "देतेस की तोडू?"

"देते," मी पुटपुटले.

"मोठ्याने बोल गं!"

"देते, देते! पुढच्या वर्षी देते!"

शेजारणी हसल्या. मग सासूबाई वळल्या आणि तेच मुसळ त्यांनी माझ्या कमरेला लावलं. हळूच लावलं, खोटं कशाला बोलू. "हिलाही विचारून घेते," त्या म्हणाल्या. शेजारणींचं हसू थांबलं. मी मान वर केली तर दारात नवरा उभा. टीव्ही सोडून केव्हा आला कोण जाणे, पण त्याने सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आता तरी बोलेल. हा मूग गिळून उभा!

माझं डोकंच फिरलं. "आई," मी म्हटलं, "हे झाड नर आहे. पपईत नर वेगळा, मादी वेगळी. मादीचं फूल खोडाला चिकटून येतं, आणि फळ तिलाच धरतं. ही बघा, ही लोंबणारी फुलं नराची. तुम्ही याला जन्मभर बाई समजून मारलंत तरी फळ यायचं नाही. आणि हे ओळखायला काही लागत नाही. नुसती तपासणी केली की कळतं. पण करायला हवी ना!"

हे मी बोलत होते सासूबाईंशी, बघत होते त्याच्याकडे. त्याने मान खाली घातली. सासूबाई काही बावळट नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, बराच वेळ त्या फुलांकडे बघितलं. समजलं यांना, मला वाटलं.

"अगं बाई, नर आहे होय?" त्यांनी घाईघाईने मुसळ भिंतीला टेकवलं. "मग आधी नाही का सांगायचंस! मी आपली मारत सुटले." आणि त्यांनी खोडाला हात लावून नमस्कार केला. "चुकलं हो माझं," त्या म्हणाल्या. झाडाला म्हणाल्या.

सुट्टी संपायच्या आत मी कळव्याला आईवडिलांकडे निघून आले. सासूबाईंनी अडवलं नाही. कॉलेज सुरू झाल्यावर एका रविवारी नवरा न्यायला आला, मिठाईचा पुडा घेऊन. मी दारातच विचारलं, "तपासून घेतलंत?"

"आधी घरी चल. मग बघू."

"अहो, नुसतं हो म्हणा. मी आत्ता पिशवी भरते."

तो चपलांकडे बघत राहिला. खरंच सांगते, त्या क्षणाला मला त्याची कीव आली, आणि तो हो म्हणाला असता तर मी गेले असते. त्याने पुडा माझ्या हातात दिला, जिन्याकडे वळला, आणि दोन पायऱ्या उतरून थांबला.

"आईला मात्र काही कळवू नकोस हं," तो म्हणाला.

मी दार लावून घेतलं.