नाकाला विचारणारे मिस्त्री

"थांबा, नाकाला इचारतो," असं म्हणून मिस्त्री पटाशीनं फळीची पातळ ढलपी काढायचे, चिमटीत चुरगाळायचे आणि डोळे मिटून नाकाशी धरायचे. तेवढा वेळ आमच्या सांगलीच्या वखारीत कुणी शब्द काढत नसे. गिऱ्हाईक गप्प, शेठ गप्प, आणि मी, वखारीचा दिवाणजी, वही हातात धरून गप्प. मग मिस्त्री डोळे उघडून एकच शब्द बोलायचे. "बर्मा." किंवा "न्हाई."

त्यांचं सुतारकामाचं दुकान वखारीच्या समोरच होतं. परदेशी लाकूड घ्यायला आलेला माणूस आधी रस्ता ओलांडून त्यांना घेऊन यायचा, अशी रीतच पडली होती. त्याबद्दल ते चहासुद्धा घेत नसत. "वासाचं काय घ्यायचं? नाक इकलं म्हनतील लोक!"

तुम्ही कधी अशा वखारीत उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं डोळे सपशेल फसतात. बर्मा सागवान सोनेरी तपकिरी, मधूनच काळसर रेघ. पण त्याच्याशेजारी आफ्रिकेतलं इरोको ठेवा, तेही सोनेरी तपकिरीच. बाजार त्याला खुशाल आफ्रिकन सागवान म्हणतो; सागवानाशी त्याचं नातं नावापुरतं. आफ्रिकेतलंच पडौक नावाचं लाकूड कापलं की लालभडक. कापणाऱ्याचा सदरा चार वेळा धुतला तरी लाल राहतो, आणि लाकूड मात्र उन्हात वर्षभरात विटून तपकिरी होतं.

एकदा दक्षिण अमेरिकेतलं जांभळं लाकूड म्हणून माल आला. करवतीखाली घातलं तर आतून मातकट. शेठनी व्यापाऱ्याला फोनवर शिव्या घालायला सुरुवात केली. मिस्त्री हसत म्हणाले, "आवं शेठ, वारं तर लागू द्या की त्येला!" दोन-तीन दिवसांत फळी खरोखरच जांभळी झाली. मिस्त्री हातातलं काम टाकून तिच्याभोवती फिरत होते. मला म्हणाले, "दिवाणजी, अल्लानं रंगाचा डबाच सांडलाय बघा ह्येच्यात." साठी उलटलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी जेवायलासुद्धा उशीर केला.

कोरोनातून मिस्त्री उठले, त्यांचं नाक मात्र उठलं नाही. हे मला कळलं ते योगायोगानं. त्यांच्या दुकानात शेगडीवर दूध करपलं होतं, वास रस्त्यापलीकडं आला, आणि मिस्त्री शेगडीकडं पाठ करून शांतपणे रंधा मारत होते. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. त्यांनी पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. रंधा खाली ठेवून म्हणाले, "दिवाणजी, कुनाला बोलू नका. नाक गेलं हे कळलं तर मला कोन इचारतंय?"

मी शब्द दिला. वर एक युक्तीही काढून दिली. वखारीत कुठला ओंडका कुठून आला हे मला माहीतच असायचं. लाकूड खरं असेल तर मी मान हलवायची, नसेल तर वहीत बघायचं. त्यानंतर मिस्त्री ढलपी नाकाशी धरायचे तेव्हा त्यांचे डोळे किलकिले उघडे असायचे. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत एकही शब्द चुकला नाही, आणि मला माझाच मोठा अभिमान वाटायचा.

मग इरोकोचा एक लॉट अडकून पडला. शेठ म्हणाले, "मिस्त्रींच्या तोंडून ह्याला बर्मा म्हणवून घ्या. कसं ते तुमचं तुम्ही बघा." माझी मुलगी तेव्हा पुण्यात शिकत होती, नोकरी सोडून चालणार नव्हतं, वगैरे वगैरे. कारणं सगळ्यांकडं असतात. मला ते कसं करायचं हे नेमकं ठाऊक होतं, ही खरी घाण.

आष्ट्याजवळच्या गावचे एक निवृत्त सुभेदार आले. जन्म बराकीत गेलेला; आता घराला बर्माचा दरवाजा हवा होता. मिस्त्रींनी ढलपी काढली, चुरगाळली, नाकाशी धरली. ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले. मी मान हलवली.

"बर्मा," मिस्त्री म्हणाले.

पंधरा दिवसांनी सुभेदार एक तुकडा घेऊन थेट मिस्त्रींच्या दुकानात शिरले. गावच्या सुताराच्या रंध्याचं पातं तुटलं होतं. लाकडाच्या पोटात पांढरे, दगडासारखे खडे निघाले होते. इरोकोत असे निघतात. "मिस्त्री, तुमच्या शब्दावर घेतलं की वं मी!" सुभेदार ओरडले. निम्मा बाजार गोळा झाला. मिस्त्रींनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि गर्दीतून एकदा माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी वहीत बघितलं.

"चूक माजी," मिस्त्री म्हणाले. "कोरोनात नाक गेलंय माजं. मी लपवून ठिवलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. शेठनी संधी साधली. "बघा, आम्हालाही फसवलं यांनी!" म्हणून सगळ्यांदेखत हात वर केले. त्यानंतर मिस्त्रींना बोलवायला कुणी रस्ता ओलांडला नाही. सहा महिन्यांत दुकान बंद करून ते खंडाळ्याला मुलीकडं राहायला गेले.

वर्षानं मी हिय्या करून त्यांना भेटायला गेलो. माफी मागायची, असं एसटीत चार वेळा घोकलं होतं. ते ओसरीवर बसले होते, खूप वाळलेले. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "दिवाणजी, बर्माची ढलपी चुरगाळली की बोटाला त्याल लागतंय. त्या दिवशी बोटं कोरडी हुती."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"बोटं न्हाई म्हनत हुती. पर तुमी व्हय म्हनलासा. मला वाटलं, नाक गेलं तशी बोटंबी गेली असत्याल."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. मुलीनं चहा आणला. मी तो सगळा प्यायलो, शेती कशी आहे, पाऊस कसा आहे विचारलं आणि पाचची एसटी पकडली.

चार महिन्यांनी मिस्त्री गेले. मीही फसलो होतो असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की त्यांना सगळं कळलं होतं, हे मी विचारलं नाही. माफीसुद्धा मागितली नाही.