हात पुढे, चित्र मागे

मी पोटाची सर्जन. नेपियर टाउनमधल्या आमच्या हॉस्पिटलात माझा हात चपळ म्हणून ओळखला जातो, आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणून दुरून रोबोटनं शस्त्रक्रिया करायचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा सगळ्यात आधी मी नाव दिलं.

सुरुवात बरी झाली. मी कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रात, डोळे घालून बसायची आणि शेजारच्या खोलीत रोबोट सिलिकॉनच्या तुकड्यावर टाके घालायचा. मग प्रशिक्षकानं मुद्दाम मध्ये उशीर घातला. मी हात हलवला की सुई पाऊण सेकंदानं हलताना दिसे. मला वाटे, हललीच नाही. मी आणखी जोर लावायची आणि सुई सिलिकॉन फाडून पार जायची.

“मॅडम, हाथ रोकिए. पहले तस्वीर को आने दीजिए,” प्रशिक्षक म्हणायचा. वयानं माझ्याहून लहान, आवाज कधी न चढवणारा. त्या शांतपणाचाच मला जास्त राग यायचा.

हे सगळं माझ्याबरोबर घरी यायला लागलं. नवरा जेवताना फॅक्टरीतलं काही सांगू लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकायची.

“अवं, मी बोलून राहिलो ना,” तो एकदा वैतागला. “एवढी घाई काहून?”

बसल्या जागी माझी बोटं मांडीवर टाके घालत होती.

परीक्षेच्या दिवशी मी हॉस्पिटलात कन्सोलवर आणि रोबोट शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिछाईकडच्या हॉलमध्ये होता. त्याच्यापाशी माझी ज्युनियर डॉक्टर उभी होती. मॉडेलमध्ये लाल पाण्याची नळी, तीच रक्तवाहिनी. अर्धं काम झालं आणि उशीर कमीजास्त व्हायला लागला. माझा अंदाज चुकला, नळीला चीर गेली. लाल पाणी पसरताना दिसत होतं. प्रत्यक्षात ते त्याहून पुढे गेलेलं असणार. हात शिवशिवत होते. एक टाका, फक्त एक.

मी हात काढून घेतले. “तू घे,” माइकवर म्हटलं.

मग तिचा आवाज, “घेऊ ना, दीदी?”

“घे. चिमटा लाव.”

तिचे हातमोजे चित्रात आले आणि पाणी थांबलं.

मी नापास, असं धरूनच उठले. प्रशिक्षक म्हणाला, “पास हैं आप. यही देखना था कि आप छोड़ती कब हैं.”

रात्री नवऱ्याला सांगितलं. “मग चांगलंच झालं की,” तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि उगाच गॅलरीत फेऱ्या मारत राहिले. माझ्या डोळ्यांदेखत ते लाल पाणी दुसऱ्याच्या हातानं थांबलं होतं.

पुढे एका खऱ्या रुग्णाचं पित्ताशय मी दुरून काढलं. हलवायचं, थांबायचं, बघायचं, मग पुढे. ती बाई ठणठणीत बरी झाली. त्या दिवशी पार्किंगमध्ये मात्र माझा हात अजूनही चित्राची वाट बघत अडत होता, स्कूटरची किल्ली काही केल्या कुलपात जाईना. शेवटी वॉचमन भैयांनी लावून दिली.