मी उभी केलेली उमेदवार

बाईंना विधानसभेच्या निवडणुकीला मी उभं केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक म्हणायला लागले की त्यांना पुढारीपणाची हौस होती. हौस माझी होती. निस्तरलं त्यांनी.

बाई गाडी शिकवतात. वय बेचाळीस, अंगाने किरकोळ, आवाज बेताचा. आई लवकर गेली म्हणून त्या मामाकडे वाढल्या आणि मामाचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे शाळेतून आल्यावर दप्तर टाकायची जागा म्हणजे एखादा जुना टायर. सोळाव्या वर्षी त्यांना नुसत्या आवाजावरून कुठल्या ट्रकचं काय दुखतंय ते कळायचं. पुढे लेथ मशीन चालवणाऱ्या एका अबोल माणसाशी लग्न झालं, मुलगी झाली. एकदा शेजारीण म्हणाली, मला गाडी शिकव, नवऱ्याकडून शिकायला गेले तर संसार मोडेल. तिथून सुरुवात झाली. बारा वर्षांत त्यांनी दीड-दोन हजार माणसं शिकवली, त्यात बहुतेक चाळिशी उलटलेल्या बायका. मी शिकायला गेले तेव्हा पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त झाले होते, नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि मला रस्ता ओलांडायचीसुद्धा धास्ती वाटायची.

त्यांची राखाडी छोटी गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवलेले. बाई कधी ओरडत नसत. हात मांडीवर, पाय पेडलच्या वर अधांतरी ठेवून बसायच्या. शिकणारीचा चेहरा पांढरा पडायला लागला की म्हणायच्या, "जे दिसतंय ते मोठ्याने बोला." मग आम्ही सुटायचो. समोर सायकल, डावीकडे बस, मांजर, मांजर गेलं. बोलता बोलता स्टिअरिंग आवळून धरलेले हात आपोआप सैल व्हायचे.

दगडखाणीकडून येणारा उतार आमच्या भागात जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या चौकात सिग्नल नाही. खडीने भरलेले डंपर तिथून सुसाट खाली येतात. तीन वर्षांत अकरा माणसं गेली. बाई सहा वर्षं सिग्नलसाठी अर्ज लिहीत होत्या. डंपर कोणाचे, तर आमदारांच्या मेव्हण्याचे. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी?

निवृत्तीनंतर आम्ही पाच-सहा जणांनी एक मंडळ काढलं होतं. साध्या माणसांनी विधानसभेला उभं राहावं, एवढाच त्याचा उद्देश. अर्ज कसा भरायचा, दहा सूचकांच्या सह्या कशा मिळवायच्या, ते आम्ही लोकांना समजावून सांगत असू. सगळे माना डोलवायचे आणि चहा पिऊन घरी जायचे. एका बैठकीत कोणीतरी माझंच नाव सुचवलं, तेव्हा मी रक्तदाबाच्या गोळ्या पुढे केल्या आणि घाईघाईने बाईंचं नाव घेतलं.

बाईंनी तीनदा नाही म्हटलं. चार माणसांत बोलायला उभ्या राहिल्या की त्यांच्या घशाला कोरड पडायची. मग त्यांच्याकडे शिकलेली एक शिंपीण त्या चौकात डंपरखाली गेली. लायसन मिळून नऊच दिवस झाले होते. तिने गाडी थांबवली होती, दोन्हीकडे पाहिलं होतं, सगळं बाईंनी शिकवल्याप्रमाणे केलं होतं. डंपर मागून आला. बाई तिची गाडी बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी क्लास संपल्यावर मला म्हणाल्या, "काकू, तो फॉर्म कुठे मिळतो?"

मी हरखून गेले. सह्या गोळा करत मी घरोघर मिरवले. अर्ज मंजूर झाला त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी फोन वाजायला लागला. उचलला की पलीकडून नुसता श्वास. कधी तोही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दहा सूचकांपैकी दोघे येऊन म्हणाले, आमची सही परत मिळेल का. मला तेव्हाही गंमतच वाटत होती. बाई मात्र एकट्या गाडी काढायला कचरायला लागल्या, म्हणून मी सोबत म्हणून मागच्या सीटवर बसायला लागले.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी एक नवा शिकाऊ आला. पस्तिशीचा, आकाशी शर्ट, कडक इस्त्री. बोलायला अगदी मऊ. त्याने सकाळीच फोन करून वेळ ठरवली होती. किल्ली कुठे लावतात ते त्याने विचारलं, गाडी दोनदा बंद पाडली, स्वतःवर हसला. पण बसल्या बसल्या त्याने एका बोटाने वरचा आरसा नीट केला होता. नवखा माणूस आरशाला हात लावत नाही, त्याला सांगावं लागतं. ते बाईंनी पाहिलं. त्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

पेट्रोल पंप मागे पडला आणि त्याने झरझर गिअर बदलले. गाडी खाणीच्या रस्त्याला लागली. एका बाजूला डोंगर खोदलेला, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा आणि त्यात हिरवं पाणी. वेग साठ, सत्तर. पुढच्या सीटची पाठ धरून ठेवण्यापलीकडे मला काही सुचेना.

"बाई, तुमची मुलगी सव्वापाचला सुटते ना?" तो म्हणाला. "चौकातूनच येते. तिथे डंपर फार वाईट चालवतात हो. तुम्हीच लिहिलंय अर्जात."

बाईंनी अगदी हळू आवाजात दिसेल ते बोलायला सुरुवात केली. समोर वळण. उजवीकडे खड्डा. कडेला खडी सांडलेली. त्यांना ब्रेक दाबायचा होता हे मला कळत होतं, पण खडीवर त्या वेगात ब्रेक दाबला असता तर आम्ही तिघंही पाण्यात गेलो असतो. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, तेव्हा त्यांनी आपल्या बाजूचा क्लच तळापर्यंत दाबला आणि तसाच धरून ठेवला. त्याने ॲक्सिलरेटर दिला. इंजिन नुसतं किंचाळलं, चाकांना जोर मिळेना. मग त्यांनी दुसऱ्या पायाने थोडा थोडा ब्रेक लावत गाडी कडेला आणली.

तो रागावला नाही. हसला, किल्ली काढून बाईंच्या हातात दिली, दार उघडून उतरला. मागून एक पांढरी गाडी आली होती, ती आम्हाला दिसलीच नव्हती. खिडकीत वाकून तो म्हणाला, "उद्या तीनपर्यंत वेळ आहे. बाकीचे क्लास राहू द्या, मला येते गाडी."

तो गेल्यावरही बाईंना क्लचवरून पाय उचलता येईना. मी त्यांचा गुडघा दोन्ही हातांनी धरून मागे ओढला. परत येताना गाडी मी चालवली. लायसन मिळाल्यापासून त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच चालवत होते. मीच म्हणाले, अर्ज मागे घ्या. ज्या तोंडाने दोन महिने त्यांच्यामागे लकडा लावला होता त्याच तोंडाने म्हणाले.

पोलिसांकडे गेलो. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात धमकी कुठे आहे, तो तर मुलीची काळजी करत होता. घरी बाईंच्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी तुला कधी कशाला नाही म्हटलं नाही. आज म्हणतो. काढून घे." त्याच संध्याकाळच्या बसने त्याने मुलीला आपल्या बहिणीकडे सोडलं. तेरा वर्षांची ती पोर, तिला खोटंच सांगितलं की आत्याला बरं नाही. तिने आईकडे पाहिलं आणि मुकाट्याने कपडे भरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निवडणूक कार्यालयात गेलो ते अर्ज काढून घ्यायलाच. त्यात मी काही लपवणार नाही. दोन वाजून गेले होते. लांबट खोली, कपाटांच्या वर फायलींचे गठ्ठे, भिंतीवर गोल घड्याळ. टेबलामागच्या कारकुनाला बाईंनी नाव सांगितलं. त्याने मान वर न करता ड्रॉवर उघडला आणि एक कागद पुढे सरकवला. अर्ज मागे घेण्याचा नमुना. बाईंचं पूर्ण नाव, पत्ता, मतदार यादीतला क्रमांक, सगळं टाइप केलेलं. फक्त सहीची जागा मोकळी. वर तारीख होती ती अर्ज मंजूर झाला त्या दिवशीची.

"हा कोणी भरला?" बाईंनी विचारलं.

कारकून घड्याळाकडे बघत म्हणाला, सही करा, वेळ कमी आहे. तोही घाबरलेला होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

बाई कागद घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. नवरा समोर स्कूटरपाशी उभा होता. पेन माझ्या हातात होतं आणि मी ते पुढे केलं होतं.

"काकू," त्या म्हणाल्या, "पहिला फोन यायच्या आधीच हे टाइप झालं होतं. म्हणजे मी घाबरणार हे मला कळायच्या आधी यांनी ठरवून टाकलं होतं."

मी म्हणाले, असू दे, सही करा.

"केली तरी तो माणूस जाणार आहे का? लेकीची सुटायची वेळ त्याला कळलीय. उद्या ती विसरेल का तो?"

कागद त्यांनी चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढून घेतली. पावणेतीनला कारकून दारात येऊन उभा राहिला. तीनला दहा मिनिटं कमी होती तेव्हा पुन्हा आला. तीन वाजले. नवरा स्कूटरपाशीच खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. मी फार धीराची असते तर मला अभिमान वाटला असता. पेन मी अजून पुढेच धरलं होतं, एवढंच आठवतं.

प्रचाराचे चौदा दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. नवरा रोज सकाळी गाडीखाली झोपून ब्रेकची नळी बोटांनी चाचपायचा, चाकांचे नट पाना लावून बघायचा आणि मगच किल्ली द्यायचा. एके सकाळी चारही टायर बसलेले निघाले. दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी तासभर उभी होती, मग निघून गेली. बस, एवढंच. याहून जास्त कोणी काही केलं नाही आणि करायची गरजही नव्हती. पुढे काय होईल, हे आमच्या मनातच तयार होत होतं. अकरा शिकाऊ बायकांपैकी सात यायच्या बंद झाल्या. उरलेल्या चौघी आळीपाळीने गाडी चालवायच्या आणि बाई बाजूला बसून पत्रकं वाटायच्या. क्लासही होत होता आणि प्रचारही.

लोक दार पुरतं उघडत नसत. जाळीतून हात येई, पत्रक आत जाई. शिंपिणीच्या नवऱ्याने मात्र दार उघडलं. बाईंना पाहून त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "मत तुम्हालाच देईन. पण माझ्या दारात उभ्या राहू नका. माझ्या पदरात दोन मुलं आहेत." बाई हात जोडून लगेच पायऱ्या उतरल्या.

भाषण एकच झालं, चौकाजवळच्या शाळेच्या मैदानात. पन्नास-साठ माणसं, तीही कडेकडेने. बाईंनी माइक धरला आणि आवाजच फुटेना. मग रस्त्याकडे बघून त्या दिसेल ते सांगत गेल्या. एक डंपर, वर ताडपत्री नाही. एक म्हातारा थांबलाय, अजून थांबलाय. दोन मुली हात धरून. दुसरा डंपर. माणसंही मान वळवून रस्त्याकडे बघू लागली. पाच मिनिटांत भाषण संपलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

बाई पडल्या. तीन हजार नऊशे सहा मतं, चौथा क्रमांक. आमदार पुन्हा निवडून आले. चौकाच्या मतदान केंद्रावर तेवढी बाईंना सगळ्यांत जास्त मतं होती. ती कोणी दिली हे कोणी कोणाला विचारलं नाही. मुलगी तीन आठवड्यांनी परत आली, आणि आत्या चांगली ठणठणीत होती, एवढंच म्हणाली. आता तिला आणायला बाप जातो. आठ महिन्यांनी चौकात एक गतिरोधक आला. सिग्नल अजून नाही.

तो आकाशी शर्टवाला बाईंना एकदा भेटला, पेट्रोल पंपावर. ओळखीच्या माणसाला करावा तसा त्याने नमस्कार केला. गाडीत शिकाऊ बाई होती, म्हणून बाईंनीही मान हलवली आणि तिला पुढे घ्यायला सांगितलं.

गेल्या पंधरवड्यात दवाखान्यातली एक आया माझ्याकडे आली. प्रचारात गाडी चालवणाऱ्या त्या चौघींपैकीच एक. म्हणाली, पुढच्या वेळी मी उभी राहिले तर? मी तिला घेऊन तडक बाईंकडे गेले. मला वाटलं, बाई तिला धीर देतील. बाईंनी आधी विचारलं, घरी कोण कोण आहे. मग पहिल्या फोनपासून सगळं सांगितलं, खाणीचा रस्ता, क्लच, टाइप केलेला कागद, रोज सकाळी गाडीखाली झोपणारा नवरा. काही वाढवून नाही आणि काही गाळूनही नाही. आयाच्या हातातला चहा तसाच राहिला. शेवटी तिने विचारलं, मग मी उभी राहू की नको?

"ते मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "राहिलात तर रोज तुमच्या शेजारी बसेन. तेवढं माझं."

विचार करून सांगते म्हणून ती गेली. आज बारा दिवस झाले. तिला आठवण करू नका, असं बाईंनी मला बजावलंय. मी दोनदा तिचा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.