कुलूपबंद पत्रिका

आमच्या भागात लग्नपत्रिकेत नाव कितव्या ओळीत आलं यावरून माणसं मांडवातून उठून जातात. हे मी सांगोवांगी बोलत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी बारामतीत एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर होते आणि लग्नसराईत दिवसभर पत्रिकाच टाइप करायची. मुलीचा बाप प्रूफ पाहून, सही करून गेला की त्याच्या मागोमाग कुणीतरी यायचंच. "ताई, ते काटेवाडीच्या लग्नाचं तुमच्याकडंच हाय न्हवं? त्यात माझं नाव जरा वर घ्या की. अन् पुढं माजी सरपंच टाका." घरच्यांना विचारलंत का, म्हटलं की ठरलेलं उत्तर. "इचारायचं काय त्यात? मी सख्खा मामा हाय पोरीचा." खुर्ची ओढून बसायचे, चहा मागवायचे, हलायचं नाव नाही.

जुन्या मशीनवर कसली आडकाठी नव्हती. फाईल उघडायची, ओळ उचलून वर ठेवायची, झालं. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं अशाच एका मामांच्या भिडेखातर त्यांना वर चढवलं आणि मुलीचे चुलते खाली गेले. पत्रिका वाटून झाल्यावर चुलत्यांकडचे लोक दुकानात आले आणि मालकांना रस्त्यात उभं करून जे काही बोलले, ते मालक जन्मात विसरले नाहीत.

म्हणून त्यांनी पुण्याच्या जावयांना बोलावलं. जावई कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यांनी नवीन मशीन आणलं, त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि मला समजावून सांगितलं की आता प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मी माझ्या नावानं शिरायचं, टाइप करायचं, साध्या प्रिंटरवर प्रूफ काढायचं. प्रूफ पास झालं की फाईल मालकांच्या फोल्डरमध्ये जाणार. ती मला दिसेल, पण तिच्यातला स्वल्पविरामसुद्धा मला हलवता यायचा नाही. लेझर प्रिंटरवर शेवटची प्रत फक्त मालक काढणार. व्हायरस येतात म्हणून फ्लॉपीही बंद.

खरं सांगते, मला बरंच वाटलं. मामा आले की मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची आणि त्यांच्यादेखत फाईल बदलायला जायची. मशीन तोंडावर सांगायचं, ॲक्सेस डिनाइड. "बघा, मशीनच नाही म्हणतंय, मी काय करू?" मामा कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडत निघून जायचे. त्या सिस्टीमला कुणाची भीड नव्हती, आणि तो मला तिचा फार मोठा गुण वाटायचा. घरी जेवताना मी वडिलांना या गोष्टी रंगवून सांगायची. कॉम्प्युटर कसा एका मिनिटात काहीही बदलतो, हेही सांगायची. वडिलांच्या डोक्यात नेमकं तेवढंच राहिलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. आम्ही जळोचीला राहायचो, वडील डेअरीत कामाला. वडिलांचे मोठे भाऊ, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, सणसरला शेती बघत. दोघांचं सामाईक शेताला पाणी द्यायच्या पाळीवरून बिनसलं होतं. आधी भांडण, मग बोलणं बंद, मग येणं-जाणं बंद. मी शाळेत होते तेव्हापासून आबा आमच्या उंबऱ्याला आले नव्हते. वडिलांनी पत्रिकेत त्यांचं नाव घातलं नाही. घालू का, म्हणून मी विचारलं, तर माझ्यावरच खेकसले. प्रूफावर सही करून मोकळे झाले. मालकांनी फाईल पास केली, लेझरवर प्रत काढून शेजारच्या प्रेसमध्ये दिली आणि घरच्यांना घेऊन ते काशीयात्रेला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात उभे. हातात बहिणीसाठी साडीची पिशवी. आत या, बसा, कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी वडिलांना विचारलं, "पोरीचं लगीन हाय म्हणं. मला काय काम देतूस?"

वडिलांच्या तोंडून सगळं एकदम आलं. "काम कसलं आबा, पंगत तुमीच बघायची. तुमच्याबिगर कोण हाय मला? अन् पत्रिकेत पयलं नाव तुमचंच घातलंय."

"व्हय?" आबा म्हणाले. "घातलंयस?" आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. त्या दिवशी दोघं भाऊ एका ताटात जेवले. आईनं वाढता वाढता चार वेळा पदर डोळ्यांना लावला.

आबा गेल्यावर वडील मला म्हणाले, "जा, आबाचं नाव वर घाल. एका मिनटाचं काम हाय न्हवं?"

मी दुकानात गेले. फाईल उघडली, पत्रिका समोर दिसत होती, मीच टाइप केलेली. वर एक ओळ घातली, सेव्ह केलं. ॲक्सेस डिनाइड. बरं, म्हणून सगळी पत्रिका नव्यानं टाइप केली. लेझरवर पाठवली, तर तिथंही तेच. साध्या प्रिंटरवर नाव काढून चिकटवू म्हटलं, तर ती टिपक्याटिपक्यांची अक्षरं पाहून प्रेसवाले म्हणाले, हे प्लेटवर उठायचं नाही. दुसरी दुकानं पालथी घातली. लग्नसराई ऐन भरात, आठवड्याच्या आत कुणी हात लावायला तयार नाही. तोवर पाहुण्यांना पत्रिका पोचायच्या कधी?

शेवटी एसटीडी बूथवरून पुण्याला जावयांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "पासवर्ड मलाही माहीत नाही. आणि तो मला माहीत नसणं हेच बरोबर आहे."

"अहो, माझ्या सख्ख्या बहिणीची पत्रिका आहे."

"प्रत्येक जण हेच सांगतो ताई. म्हणून तर कुलूप घातलं."

माझं डोकं असं फिरलं की रिसीव्हर आपटावासा वाटला. राग याचा होता की माणूस चुकीचं बोलत नव्हता. चिकट मामांसाठी लावलेलं कुलूप होतं, आणि त्या कुलपाला मामा कोण आणि आबा कोण, हे कुठून कळणार? मला कळत होतं. पण मला कळून काय उपयोग, ठरवणं माझ्या हातातून कधीच काढून घेतलं होतं आणि तेव्हा मी हसत हसत ते देऊन टाकलं होतं.

वडील म्हणाले, "छापता येत न्हाय तर लिहू." प्रेसनं होत्या तशाच छापून दिलेल्या पत्रिकांचे गठ्ठे घेऊन ते अंगणात बसले आणि एकेका पत्रिकेवर पहिल्या नावाच्या वर निळ्या पेनानं आबांचं नाव लिहीत गेले. आम्ही मदत करतो म्हटलं, तर कुणाला हात लावू दिला नाही. अक्षर जमेल तितकं छापल्यासारखं काढत होते.

आबांची पत्रिका द्यायला मी वडिलांबरोबर सणसरला गेले. आबांनी कुंकू लावून घेतलं, चष्मा चढवला आणि पत्रिका उघडली. मग नावावरून अंगठा फिरवला. घामानं शाई जरा पसरली.

"छापलंय म्हणालास."

"मशीन बंद पडलं हुतं, आबा."

मला राहवलं नाही. मी खरं ते सांगायला गेले. मशीन बंद नाही, फाईलला कुलूप आहे, पासवर्ड मालकांकडे आहे, मालक यात्रेला गेलेत. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पत्रिका तूच टाइप केलीस न्हवं?"

"हो."

"अन् तुलाच बदलता येईना?"

माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं. आबा रागावले नाहीत. पत्रिका घडी करून त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि म्हणाले, "साऱ्या भावकीला पोचली आसंल न्हवं ही, पेनानं लिवलेली?"

लग्नाला आबा आले. मांडवाच्या कडेला उभं राहून त्यांनी अक्षता टाकल्या. वडील त्यांना पंगतीकडे न्यायला शोधत होते, तोवर ते निघून गेले होते. पाणीसुद्धा न पिता.

मालक यात्रेहून आले. मी सगळं सांगितल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पासवर्ड टाकला, फाईल उघडली आणि म्हणाले, घाल बाई, पाहिजे ते घाल. खरोखर मिनिटाचं काम होतं. जाड कागदावर त्यांनी एकच पत्रिका काढून दिली, पैसे घेतले नाहीत. पहिल्या ओळीत आबांचं नाव, ठळक.

वडील ती घेऊन सणसरला गेले आणि दिवस कलायच्या आत परत आले. पत्रिका खिशातच होती.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"म्हणाला, लगीन झालं की. आता पत्रिका कशाची आणतूस?"

त्यानंतर वडील सणसरला गेले ते आबांच्या मातीलाच.