न पाठवलेल्या नोटिसा

सुमन गेल्याचा फोन गडचिरोलीहून आला, तेव्हा मी मनातल्या मनात तिच्याशीच भांडत होते. वांग्याच्या भाजीत गूळ घालावा की नाही, असल्या थोर प्रश्नावर. भाचा म्हणाला, "मामी, आई गेली…" आणि मी वेड्यासारखी म्हटलं, "अशी कशी गेली? माह्या बोलण्याचं उत्तर बाकी हाये."

सुमन माझी धाकटी नणंद. आरोग्य खात्याच्या एका तालुका कार्यालयात होती, आणि माहिती अधिकाराचे अर्ज तिच्याच टेबलावर यायचे. तो कायदा नवा होता तेव्हा मी शाळेत शिकवत होते. वर्गातली काही पोरं सांधे धरून कळवळायची. सिकलसेल, आईबापाकडून रक्तात येणारा आजार. तपासण्या झाल्या होत्या, पण गोळ्या गावात पोचत नव्हत्या. मी अर्ज ठोकला : सगळ्या रुग्णांची नावं, गावं, वयं द्या. घरोघरी जाऊन खात्याचं पितळ उघडं पाडायचा बेत. अख्ख्या जिल्ह्याचा न्याय आपल्याच पदराला बांधलाय, असं वाटायचं तेव्हा. नुसतं पोस्टात जायलाही मी इस्त्रीची साडी नेसायचे. नात हे ऐकून अजून हसते.

रविवारी सुमन जेवायला आली. घास मोडता मोडता म्हणाली, "वयनी, गोळ्यांचा सगळा हिशेब देतो. कधी आल्या, कुठी गेल्या, काऊन संपल्या. नावं नाई देत."

"माह्यावर भरोसा नाई?"

"तुमच्यावर हाये. तुमच्या आवाजावर नाई."

माझा आवाज वैनगंगेपल्याड जातो, हे खरंच. पण मी चिडले आणि अपील केलं. सख्ख्या नणंदेविरुद्ध. सासूबाईंनी बोलणं टाकलं. सुनावणीत मी जनहितावर भाषण झोडलं, साहेब घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी कायद्यातली वाट दाखवली : ज्यांची नावं आहेत त्यांना नोटीस पाठवून विचारा, ज्यांची हरकत नसेल त्यांची द्या. मला वाटलं, जिंकले.

बाहेर पायरीवर सुमन म्हणाली, "वयनी, ते पाकीट घरी कोण नेईल?"

"पोस्टमन. अजून कोण?"

"अन् तो पानठेल्यावर थांबते. माह्या खात्याचं पाकीट त्या घरी काऊन आलं, हे मंग गावाले सांगा लागत नाई. लग्नाच्या पोरी हायेत त्या घरांत."

मी पदराशी चाळा करत उभी राहिले… नाव सांगायचं का, असं विचारणारी नोटीसच नाव फोडणार होती, आणि एवढी शिकलेली मी तिलाच विजय समजून बसले होते.

तिनं नोटिसा पाठवल्या नाहीत. साहेबांना लेखी कारण देऊन परवानगी काढली. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात बाया येतातच, कोणी खोकल्याला, कोणी तापाला. त्या गर्दीत ती एकेकीला आत घेऊन विचारायची. मधल्या काळात गोळ्यांचे कागद मात्र तिनं मला सगळे दिले. तिच्याच कार्यालयाची कपाटं महिनोन्महिने रिकामी होती, हे त्यात स्पष्ट होतं, आणि बोलणी तिलाच खावी लागली. ते कागद घेऊन मी वर भांडले. गोळ्या सुरू झाल्या, एकही नाव न लागता. काही बायांनी नावाला होकारही दिला. एक माय म्हणाली, "लिवा, पण पोरीचं लगीन झाल्यावर." हे सांगताना सुमन हसत होती, डोळे मात्र पाणावलेले. कोणती माय, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी वर्षानुवर्षं खोदलं. "गाव तरी सांग ना." तर म्हणायची, "भात वाढा, वयनी."

तेरवीला सुमनच्या घरी एक अनोळखी बाई आली. तिशीची असेल, कडेवर लेकरू. फोटोपुढे बसून बराच वेळ रडली. कोणीतरी विचारलं तर एवढंच म्हणाली, "बाईची ओळख होती." माझ्या जिभेच्या टोकावर सगळे प्रश्न रांग लावून उभे… नाव, गाव, माय कोण. मी तिला पंगतीत बसवलं, लेकराला मांडीवर घेतलं आणि वरणभात भरवला. निघताना ती माझ्या पाया पडली.

भाचा म्हणाला, "मामी, कोण होती ते?"

"तुह्या आईले माहीत," मी म्हटलं.