मांड, रपेट आणि नुसतं बसणं

आमच्या केडगावच्या घोडेमंडळात किस्से तबेल्यातल्या लिदीसारखे साचतात. रोज उचला, दुसऱ्या दिवशी तेवढेच! मंडळ म्हणजे चाळिशी उलटलेले आम्ही तिघं हौशी, आणि आमचे गुरू तात्या. फौजेत घोडी फिरवली, आता शेती.

*

पहिल्याच दिवशी बँकवाले शिंदे ऐटीत म्हणाले, "मला घोड्यावर बसता येतं."

"बसाय काय, नवरदेव बी बसतो अन् पोतं बी बसतं. मांड हाय का?" तात्यांनी विचारलं.

मांड म्हणजे मांड्यांनी घोडं घट्ट धरणं, हे शिंद्यांना त्या संध्याकाळी जिना चढताना कळलं!

*

'रायडिंग' म्हटलं की तात्या भडकायचे. हिसके देत गेली ती दुडकी, मजेत हवा खात फिरलो ती रपेट, चौखूर सुटली ती दौड!

"समद्याला एकच रायडिंग? मग आमटी, भाजी, रस्सा, समद्याला जेवनच म्हना की!"

घरातून त्यांची लेक वैशाली ओरडली, "तुमी तेच तर म्हंता! भाजी कशी झाली ते कधी बोललाय का?"

*

मैना घोडी घोडेगावच्या बाजारातून आणली. ती आधी वरातीत होती, हे विकणाऱ्यानं सांगितलंच नाही. पहिल्या रपेटीला तिच्यावर बसून तात्या म्हणाले, "बघा, घोडं मांडीच्या इशाऱ्यावर चालतं."

एवढ्यात मंगल कार्यालयासमोर बँड सुरू झाला. मैना वळली, थेट दारात गेली आणि नाचायला लागली! ओवाळायला आलेल्या बाईंनी मफलर गुंडाळलेल्या, सत्तरीच्या तात्यांकडे पाहिलं आणि घाबरून मागे वळून विचारलं, "अगं, नवरदेव ह्योच का?"

*

गेल्या वर्षी तात्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता मांड कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. तात्या काठी टेकत कुंपणापाशी यायचे, पण आमच्या चुका काढेनात. आम्हाला फार वाईट वाटायचं. त्यांच्या शिव्यांची सवय झाली होती.

वैशाली म्हणाली, "मैना इकून टाकू का? तिला बघून तात्या लई झुरत्यात."

कुणीच हो म्हणेना. मग तीच डॉक्टरांच्या मागे लागली आणि परवानगी घेऊन आली. एकच फेरी, तीही पायापायानं, घोडी न पळवता.

एका सकाळी आम्ही तिघांनी तात्यांना ओट्यावरून मैनेवर चढवलं. वैशालीनं लगाम धरला. मैदानाला एक फेरी झाली. तात्यांना उतरवून घेताना शिंद्यांनी विचारलं, "काय तात्या, झाली का रपेट?"

तात्या मैनेच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"न्हाई, सायेब. नुसतं बसलो."

मग आमच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "उद्या बी बसवताल का?"