बायकोच्या व्हिसाला पिशवी धरायला: मानपाडा, टिटवाळा, कोलशेत आणि एम्बसीचं फाटक

परदेशी नोकरीच्या व्हिसाला लोक स्वतः जातात. मी बायकोच्या व्हिसाला गेलो, तेही पिशवी धरायला. असा प्रवास आणखी कुणाच्या नशिबी असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चूक दिसली तर मनातल्या मनात दुरुस्त करा, खाली लिहून कळवू नका. मला मग झोप लागत नाही. तशीही लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

आम्ही डोंबिवलीत, मानपाड्याला राहतो. मी एमआयडीसीत मशीनवर होतो. कंपनी बंद पडली आणि सुलभाने, म्हणजे आमच्या हिने, घरातच पोळी-भाजी केंद्र काढलं. तेव्हापासून अर्धी गल्ली आमच्या घरच्या पोळ्या खाते. त्या खाऊन मोठा झालेला एक मुलगा परदेशात गेला, तिथे त्याने मराठी खाणावळ काढली आणि तिकडच्या लोकांना पोळी लाटता येत नाही असा शोध त्याला लागला. त्याने फोन केला. दोन वर्षांचा करार, राहायला खोली, विमानाचं तिकीट. "काकू, तुम्ही फक्त या." काकांचं काय करायचं ते त्याने विचारलं नाही. काकूंनीही विचारलं नाही.

देशाचं नाव लिहायचं नाही अशी घरातून तंबी आहे. पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत नाव काढलं की दृष्ट लागते म्हणे. आमची लेक नाशिकला असते, तिने सगळे फॉर्म तिथूनच भरले. मुलाखतीची तारीख आली तेव्हा घरात पेढे आले. मी दोन खाल्ले. ते आनंदाने खाल्ले असं सगळ्यांनी धरून चाललं.

"जाऊ नकोस" असं मी का म्हटलं नाही, हे तुम्ही विचाराल. आमच्याकडे चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाकही मारत नाहीत. आणि ही तर फोन आल्यापासून निघालेलीच होती. मधे बोलायला फट कुठे होती?

पहिला दिवस. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आधी टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं आणि मग ठाण्यात कोलशेतला माझ्या बहिणीकडे, कुसुमकडे, मुक्काम करायचा, असा बेत हिने ठरवला. ट्रेनमध्ये कागदांची फाईल चुरगळेल म्हणून दिवसभरासाठी रिक्षा केली. ही बसलेली, फाईल मांडीवर बाळासारखी घेऊन. मी बाजूला पिशवी घेऊन. पिशवीत पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा होता.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"साहेबाला."

"कुठल्या साहेबाला?"

"एम्बसीतल्या. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जातात का?"

मी म्हटलं, "अगं, लाच म्हणून आत टाकतील."

"पुरणपोळीला कोण लाच म्हणतं? आणि तुम्ही आज तरी चांगलं बोला."

कल्याण-शीळ रस्त्याबद्दल चांगलंच बोलतो. मधे मेट्रोचे खांब उभे आहेत, त्यांच्या सावलीत गाडी आरामात उभी राहते, त्यामुळे आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या पाठ होतात. पत्रीपुलावर आम्ही इतका वेळ होतो की रिक्षावाल्याने घरचे तीन फोन उरकले. पुढे शहाड, आंबिवली करत टिटवाळ्याला पोचेपर्यंत कंबर कुठल्या बाजूला आहे ते चाचपून बघावं लागलं. टिटवाळ्यात आता देवळापेक्षा उंच इमारती झाल्यात. प्रत्येकीच्या पाटीवर स्विमिंग पूल काढलेला आहे आणि खाली रहिवासी हंडे घेऊन उभे आहेत.

वाचकांना सूचना: मंगळवारी आणि चतुर्थीला जाऊ नका. आम्ही बुधवारी गेलो, चपला काढून पाच मिनिटांत गाभाऱ्यासमोर. नारळ आणि दुर्वा कोपऱ्यावरच्या आजीकडून घ्या, ती पिशवी सांभाळते आणि वर आपल्याला रागावतेही.

हा गणपती नवसाला पावतो. हिने हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. व्हिसा मिळू दे, मोदकांचं ताट घेऊन येते. मीही शेजारी उभं राहून हात जोडले आणि देवाला सांगितलं की तो मिळू देऊ नकोस, मीपण ताट घेऊन येतो. एका घरातून दोन अर्ज, दोन्ही एकाच खिडकीवर. देवाची काय पंचाईत झाली असेल ती त्यालाच ठाऊक.

"काय मागितलंत?" बाहेर आल्यावर हिने विचारलं.

"तुझंच."

हे खोटं नव्हतं.

परतताना दुर्गाडी, भिवंडी, कशेळीचा पूल असं करत संध्याकाळी कोलशेतला उतरलो. कुसुमच्या इमारतीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. पाणी टँकरचं. फाटकावर वॉचमनने नाव, गाव आणि काम विचारलं, माझा फोटो काढला आणि वर फोन लावला.

"सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं.

"मॅडम बोलेंगी तो छोडेंगे."

मी हिला म्हटलं, "बघ, उद्याची तालीम इथेच झाली."

कुसुमने जेवायला भरली वांगी केलेली. दादाला वांगी आवडतात म्हणून केली आणि मग दादाशी एक शब्द बोलली नाही. सगळा वेळ वहिनी, वहिनी. "वहिनी, तिकडे थंडी असेल गं, माझी शाल ने. वहिनी, तू तिकडचे फोटो पाठव." शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तू दोन वर्षं काय करणारेस?"

"मजा," मी म्हटलं.

दोघी इतक्या हसल्या की कुसुमला ठसका लागला. यात हसण्यासारखं काय होतं?

मला मात्र एक आशा होती. रेशन दुकानातलं मशीन हिचा अंगठा घेत नाही. तव्यावरच्या पोळ्या उलटून उलटून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात. दुकानदार दर महिन्याला म्हणतो, "काकू, पुसा. काकू, दाबा. काकू, उद्या या." एम्बसीत तर दहाही बोटांचे ठसे लागतात असं लेक म्हणालेली. मी त्या मशीनवर भिस्त ठेवून पडून राहिलो.

दुसरा दिवस. कुसुमने हिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि आम्ही उजाडताना निघालो. ठाण्याहून मुंबईत एम्बसीपर्यंत कॅब साताठशे रुपये घेते. हायवेला सकाळी लवकर निघालात तर तासाभरात पोचता, उशिरा निघालात तर वाटेतच म्हातारे होता. मला ती भीती नाही, मी आधीच झालोय.

एम्बसी म्हणजे मला वाटलं राजवाडा असेल. काचेची इमारत, बाहेर लोखंडी कठडे आणि कठड्याला रेलून नवरे, आया, बाप. आत फक्त जिची मुलाखत ती जाणार. फोन न्यायचा नाही, पिशवी न्यायची नाही, बंद पाकीट न्यायचं नाही. समोरचा पानवाला शंभर रुपयांत फोन सांभाळतो, तेव्हा फोन सोबतच्या माणसाकडेच द्या. सोबतच्या माणसाचा तेवढाच उपयोग असतो. शौचालयासाठी जवळ पेट्रोलपंप आहे, तिथे विनयाने विचारा.

ही डबा घेऊन फाटकापर्यंत गेली. गार्ड मराठी होता.

"मावशी, हे काय?"

"पुरणपोळ्या. आतल्या साहेबांना."

"मावशी, आत टिफिन गेला ना, तर माझी नोकरी बाहेर येईल."

"मग तुम्ही घ्या एक."

त्याने इकडे तिकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे बघितलं आणि नको म्हणाला. इतक्या दुःखाने नको म्हणालेला माणूस मी आजवर पाहिला नाही. डबा माझ्याकडे आला. ही मागे न बघता आत गेली. मी हाक मारली नाही.

कठड्याशी कल्याणच्या एक बाई उभ्या होत्या, कांबळेबाई. त्यांचा मुलगा वेल्डर, तोही नोकरीच्या व्हिसासाठी आत गेलेला. ऊन चढायला लागलं तसा मी डबा उघडला. काळजीने मला भूक लागते. बाईंनी एक पोळी घेतली, अर्धी खाल्ली आणि विचारलं, "कोणी केल्यात?"

"आमच्या हिने. ती आत गेलीय."

"मग मिळाला समजा व्हिसा."

"मिळू नये," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. इतके दिवस कुणाला बोललो नव्हतो, आणि बोललो ते एका परक्या बाईपुढे, तोंडात पुरण असताना.

बाईंनी उरलेली अर्धी पोळी खाल्ली, हात पुसले. "त्यांना सांगितलंत का?"

"कसं सांगणार? देवाला सांगितलंय."

"देव काय तुमचा पोस्टमन आहे? माझा पोरगा चाललाय, मी त्याला तोंडावर सांगितलं, जाऊ नको, मला करमणार नाही. तो म्हणाला, आई, मला जायचंय. झालं. आता त्याला माहितीय मला काय वाटतं, मला माहितीय त्याला काय पाहिजे. तुमच्या बायकोला काय माहितीय? तुम्ही पेढे खाल्लेत तेवढं."

मी पेढ्यांचं त्यांना कधी सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक सगळंच सांगून बसलो होतो.

बऱ्याच वेळाने मुलगा बाहेर आला, आईच्या पाया पडला. बाई हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. जाताना मला म्हणाल्या, "पोळी मस्त होती, दादा. बोला तिच्याशी."

त्यानंतर ही आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"अंगठा?" मी पहिलं तेच विचारलं.

"घेतला की. दहाही बोटं, एका फटक्यात. आपलं रेशनवालं मशीन बदलायला सांगा."

परदेशी लोकांची मशीनं चांगली असतात, हे मी पूर्वी कौतुकाने सांगायचो.

कॅबमध्ये हिने हकीकत सांगितली. काचेपलीकडे एक गोरा मुलगा, शेजारी मराठी बोलणारी एक दुभाषी. लेकीने घराचे कागद, बँकेचे कागद, सगळे ओळीने लावून दिलेले. त्याने एकही बघितला नाही.

"त्याने विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, नवरा. म्हणाला, ते काय करतात? मी म्हटलं, काळजी."

"असं सांगितलंस?"

"फुलटाइम, म्हटलं. मग त्याने विचारलं, काम संपल्यावर तुम्ही परत याल कशावरून? आता मी काय सांगणार? खरं ते सांगितलं. म्हटलं, साहेब, माझ्या घरातून अख्ख्या गल्लीला पोळ्या जातात आणि माझ्या नवऱ्याला गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवतात ते माहीत नाही. दोन वर्षं शेजारीण डबा देईल. मग ती पण कंटाळेल. मला यावंच लागेल."

"मग?"

"ती दुभाषी हसायला लागली. तिने त्याला सांगितलं, तो पण हसला. म्हणाला, अप्रूव्ह्ड."

म्हणजे बघा. घराचे कागद चालले नाहीत, बँकेचे चालले नाहीत, माझा नालायकपणा चालला. जन्मभर बिनकामाचा म्हणून ऐकलं आणि शेवटी कामाला आलो ते बायकोला घालवायच्या कामाला. टिटवाळ्याच्या देवालाही दोष देता येत नाही. त्याने दोन्ही अर्ज वाचले असतील आणि माझ्याच अर्जातून तिचं काम केलं असेल.

ऐरोलीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. तिथे मी बोललो. "सुलभा, तू जाऊ नये असं मला वाटतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "माहितीय."

"कधीपासून?"

"पेढा खाताना तुम्ही एरंडेल घेतल्यासारखं तोंड करत होतात. मी वाट बघत होते कधी बोलताय ते."

"मग आता?"

"आता मला जायचंय. पोळ्याच लाटणार आहे, पण एकदा विमानात बसून जाऊन लाटणार आहे. बोललात ते बरं केलंत."

संध्याकाळी मानपाड्याला घरी आलो. दोन दिवसांच्या प्रवासाचा हिशेब मागाल तर रिक्षा, कॅब, नारळ, दुर्वा मिळून फार नाही. कुसुमची शाल फुकट मिळाली. एकूण सोय बरी, रस्ते वाईट, माणसं चांगली, निकाल वाईट. हिच्या मते चांगला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिने मला उठवलं आणि परातीसमोर बसवलं.

"मी शिकणार नाही," मी म्हटलं. "मी शिकलो तर तू एम्बसीत खोटं बोललीस असं होईल. आणि मला काही येत नाही म्हणूनच तर तू परत येणारेस. सरकारदरबारी नोंद आहे."

हिने कणकेत पाणी ओतलं. "अहो, त्या पोराला एक कारण हवं होतं, ते दिलं. माझं काय? दोन वर्षं परक्यांच्या पोळ्या लाटून मी पुन्हा इथे येऊन लाटायला बसू? त्याला काय परत येणं म्हणतात? मी दारातून आले की मला आयतं ताट पाहिजे. गरम. तुमच्या हातचं."

मग मी कणकेत हात घातला. तिला निघायला अजून अवकाश आहे, यायला त्याहून जास्त. पोळी अजून एकही फुगलेली नाही. रोज सकाळी ती माझ्यासमोर बसून माझी फसलेली पोळी संपूर्ण खाते आणि काही बोलत नाही, आणि मला दिवसभर काळजी लागून राहते की मीठ कमी होतं की काय.